बागातेल : पैजेची बाग, परीक्षेची बाग

पॅरिसच्या पश्चिमेला बुआ द बुलोन्य हे विस्तीर्ण वनउद्यान आहे. त्याच्या एका भागात सुमारे २४ हेक्टरांचे बागातेल उद्यान वसले आहे. त्याचा जन्म एका पैजेतून झाला. १७७७ साली फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिने आपला दीर, आर्त्वाचा काउंट, याच्याशी पैज लावली, की येथे थोड्या अवधीत प्रासाद उभा राहणार नाही. वास्तुविशारद बेलांजे याने ६४ दिवसांत छोटेखानी प्रासाद बांधला आणि काउंटने पैज जिंकली.

झाडांना मात्र पैज समजत नाही. भोवतालच्या बागेचे काम थॉमस ब्लेकी या स्कॉटिश माळ्याकडे आले व ते पुढे अनेक वर्षे चालले. भूमितीतील आकृतींसारख्या आखलेल्या बागांची फ्रान्सला सवय होती. ब्लेकीने येथे वळणाच्या वाटा, हिरवळ व तळी यांची नैसर्गिक भासणारी रचना केली. राज्यक्रांतीनंतर मालक बदलत गेले. अखेर १९०५ साली पॅरिस शहराने हे उद्यान विकत घेतले. उद्यानतज्ज्ञ फोरेस्तिए याने तेथे गुलाबबाग उभारली. गुलाबांचे संग्राहक ज्यूल ग्राव्हरो यांनी तिच्यासाठी आपल्या संग्रहातील रोपे दिली. १९०७ पासून तेथे नव्या गुलाबांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली.

अशा स्पर्धेची गरज का भासली असावी? युरोपातील बहुतेक जुने गुलाब वर्षातून एकदाच फुलत. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुनःपुन्हा फुलणारे चिनी गुलाब तेथे पोहोचले आणि संकराला वेग आला. संकरातून मिळालेल्या बियांपासून येणारे प्रत्येक रोप वेगळे असते. त्यांतले एक पसंत पडले, की डोळा भरून त्याची हजारो कलमे करतात. ही सर्व कलमे जनुकीयदृष्ट्या सारखीच असतात. म्हणजे निवडलेल्या रोपात दोष असेल, तर तोही प्रत्येक कलमाबरोबर घरोघरी जातो.

हे घडलेही. १९०० साली पेर्ने-ड्यूशे यांनी ‘सोलेय द ओर’ हा पिवळसर गुलाब बाजारात आणला. त्याच्या वंशात एक इराणी पिवळा गुलाब होता. बागेतल्या गुलाबांना गडद पिवळा रंग या वंशातून मिळाला, पण त्याबरोबर पानांवरील काळ्या ठिपक्यांच्या बुरशीजन्य रोगाला लवकर बळी पडण्याची प्रवृत्तीही आली. प्रदर्शनातील फुलदाणीत हा दोष कसा दिसणार? तेथे फूल असते, झुडूप नसते.

बागातेलमध्ये म्हणूनच खुडलेले फूल नव्हे, तर जमिनीत लावलेले झुडूप तपासतात. ते निरनिराळ्या ऋतूंत कसे वाढते, किती वेळा फुलते, रोगाला कसे तोंड देते, हे पाहून मगच गुण दिले जातात. ज्या जागी वेगाची पैज जिंकली गेली, त्याच जागी सावकाश निरीक्षणाला मान मिळाला, हे आम्हाला या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वाटते.

हा प्रयोग शाळेतही करता येईल. गुलाबाच्या दोन जातींची कलमे शेजारी लावावीत. विद्यार्थ्यांनी दर आठवड्याला फुले, नवी पालवी व ठिपके पडलेली पाने मोजून वहीत नोंदवावीत. पहिल्या फुलावरून प्रत्येकाने आपली निवड लिहून ठेवावी आणि पावसाळा व हिवाळा उलटल्यावर ती नोंदींशी ताडून पाहावी.