आढे, पाखी आणि वळचण

पक्षाघाती मनुष्याला चौघांनी छपरातून प्रभू येशूपुढे खाली सोडले, ही कफर्णहूममधील घटना आपण मिस्सेत अनेकदा ऐकली आहे. परंतु मार्क आणि लूक यांची शुभवर्तमाने शेजारी ठेवून वाचली म्हणजे एक मौज ध्यानात येते. मार्कच्या वृत्तांतात (२:४) ते चौघे छप्पर उकरतात. लूक मात्र (५:१९) मूळ ग्रीकमध्ये कौलाचा शब्द योजतो. गालीलातील घरांची छपरे सपाट व मातीची असत. तुळयांवर फांद्या, फांद्यांवर चोपलेली माती, आणि पावसाळ्यापूर्वी ती लिंपून दगडी रुळाने पुन्हा दाबून घ्यायची, अशी ती रीत होती. लूकचे वाचक ग्रीक भाषा बोलणारे, कौलारू घरे पाहिलेले. त्यांना उमजेल असे छप्पर त्याने त्या घरावर घातले, आणि यात त्याचे काही चुकले असे आम्हांस वाटत नाही.

हाच उतारा देवबागेतील मुलांना समजावून सांगताना आमची पंचाईत होते. कौल त्यांना ठाऊक आहे. पण वळचण म्हणजे काय, पाखे कशाला म्हणतात, असे विचारले की वर्ग गप्प. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी, असे हे गाव. येथे पाऊस नुसता वरून पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवाही येतो. अशा ठिकाणी छपराचे शब्द विसरणे म्हणजे पाण्याची वाट विसरणे होय.

या किनाऱ्यावर जुने छप्पर गवताचे, पेंढ्याचे किंवा माडाच्या चुडतांच्या विणलेल्या झापांचे. पाऊस आला की पडवीच्या कडेनेही झाप बांधीत. मग ऐपतीप्रमाणे नळे आले. कुंभार चाकावर निमुळते नळकांडे घडवी व ते उभे चिरून दोन नळे करी. एक उताणा, त्याच्या कडांवर दुसरा पालथा, अशी त्यांची मांडणी. खिळा नाही, खाच नाही. आपल्या भाराने जागेवर राहायचे. मांजर धावले, माकडाने उडी मारली की नळा सरकलाच. म्हणून दर वर्षी मे महिन्यात नळे परतण्याचे काम निघे. त्यालाच घर शाकारणे म्हणत. फुटके काढायचे, सरकलेले बसवायचे, साचलेला पाला झाडायचा. घरात वर्षाकाठी जमलेला अंधार त्या दिवशी उघडा पडे, असे जुनी माणसे सांगतात.

या व्यवस्थेत मोठा पालट झाला तो मंगळूरहून. स्वित्झर्लंडमधील बासेल मिशनचे प्रॉटेस्टंट मिशनरी १८३४ साली मंगळुरास आले. ख्रिस्ती झाल्यामुळे ज्यांचा पिढीजात धंदा सुटला, त्यांना पोटापाण्यास काय द्यावे, हा त्यांच्यापुढील खरा प्रश्न होता. विणकामाचे कारखाने निघाले, आणि १८६५ साली जॉर्ज प्लेब्स्ट यांच्या पुढाकाराने जेप्पू येथे नेत्रावतीच्या काठी कौलांचा कारखाना सुरू झाला. सपाट, खाचांत खाच अडकणाऱ्या कौलाची मूळ कल्पना फ्रान्समधील आल्सास प्रांतातल्या जिलार्दोनी बंधूंची, १८४१ ची. माती मात्र आपल्या नदीची. पुढे मंगळूरच्या कॅथलिक कुटुंबांनीही या धंद्यात मोठे नाव कमावले. पंथभेदाची भिंत उभी असताना छप्पर मात्र एकच झाले, याची इतिहासकारांनी फारशी दखल घेतलेली दिसत नाही.

ही कौले गलबतांतून कोकणच्या बंदरांत उतरत. एका चौरस मीटरला सुमारे १५ कौले पुरतात आणि एकेकाचे वजन अडीच किलोंच्या आसपास. नळ्यांच्या मानाने छप्पर हलके झाले, वासे कमी लागू लागले, परतण्याचे कामही घटले. लोकांनी त्यांस नुसते 'मंगलोरी' म्हटले. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. बासेल मिशनच्या कौलांवर १८६५ हा आकडा उठवलेला आढळतो, आणि घरमालक मोठ्या अभिमानाने आपले घर त्या सालचे म्हणून सांगतो. तो आकडा कारखान्याच्या स्थापनेचा आहे. कौल त्यानंतर कितीही वर्षांनी भाजलेले असू शकते.

नळे गेले तरी छपराचे शब्द टिकले, कारण उतार टिकला. माथ्यावर आढे, आढ्यापासून दोहो बाजूंस पाखी, पाख्यांखाली वासे, वाशांवर आडव्या रिपा, शेवटी भिंतीबाहेर डोकावणारी वळचण आणि तिच्यावरून गळणाऱ्या पागोळ्या. पाणी ज्या क्रमाने उतरते त्याच क्रमाने ही नावे येतात. आढ्याचे पाणी वळचणीला, ही म्हण ज्याने केली त्याने छप्पर नीट पाहिले होते. कौल या शब्दाचे जुळे भावंडही कोकणात आहे. देवापुढे लावतात तो कौल अरबीतून आला, त्याचा अर्थ वचन. छपराच्या कौलाशी त्याचे नाते नाही, जरी जून महिन्यात दोहोंवर सारखीच श्रद्धा ठेवावी लागते!

मग स्लॅब आला. त्याचे शब्द इंग्रजी, तरी गळती थांबवायची वेळ येताच गवंडी मराठीकडे वळतो. गच्चीला 'ढाळ' द्यायचा, कठड्याच्या कोपऱ्यात 'वाटा' घ्यायचा, विटांच्या तुकड्यांचा 'कोबा' घालायचा. चुन्याच्या चोपलेल्या जमिनीचा हा जुना कोबा आज अभियंत्यांच्या इंग्रजी कागदांतही 'ब्रिकबॅट कोबा' म्हणून रुजू आहे.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेले. पत्रा उडतो तो अखंड उडतो, कारण वारा खालून शिरला की सगळा पत्रा उचलतो. कौलांच्या फटींतून वारा थोडाफार निघून जातो. फुटतील ती कौले फुटतात आणि तेवढीच बदलता येतात. पण बदलणारे हात हवेत. कौले परतणारी माणसे थकली, त्यांची मुले दुसऱ्या धंद्यांत गेली, आणि कौलारू घरांवरही पत्रे चढू लागले. गळक्या स्लॅबवरही आता पत्र्याची शेड उभी राहते. तिला आढे असते, दोन पाखीही असतात. पण हे शब्द त्या शेडसाठी आम्ही अजून कोणाच्या तोंडून ऐकलेले नाहीत.