केंब्रिजचा लाकडी चमचा

१. सीनियर रँग्लर : केंब्रिजच्या ‘ट्रायपॉस’ या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणारे सगळेच रँग्लर, त्यांतला पहिला तो सीनियर. १८९९ साली हा मान सेंट जॉन्स कॉलेजच्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांना मिळाला, तोही बर्टविसल या इंग्रज विद्यार्थ्याबरोबर विभागून. आपल्याकडच्या गौरवलेखांतून हा तपशील बहुधा गळतो. वास्तविक त्याने परांजप्यांच्या यशाला काडीचाही उणेपणा येत नाही.

याच परीक्षेतला ‘चमचा’ मात्र स्वयंपाकघरातला नव्हे. ऑनर्सच्या यादीत जो अगदी शेवटी, तो सेनेट हाउसमध्ये कुलगुरूंपुढे गुडघे टेकून पदवी घेत असताना वरच्या सज्जातून दोस्तमंडळी दोरीला बांधलेला भलामोठा लाकडी चमचा त्याच्यासमोर सोडत. शेवटचा चमचा १९०९ साली सेंट जॉन्सच्याच होल्टहाउस या विद्यार्थ्याच्या वाट्याला आला. गडी कॉलेजच्या नौकाचमूतला, म्हणून चमचाही वल्ह्याच्या पात्याचा, मीटरभराहून लांब! १९१०पासून क्रमांक जाहीर करणे बंद झाले, नावे वर्णानुक्रमे लागू लागली आणि चमच्याला गिऱ्हाईक उरले नाही.

१८९०ची यादी याहून मासलेवाईक. सर्वाधिक गुण न्यूनम कॉलेजच्या फिलिपा फॉसेट यांना. पण स्त्रियांची यादी वेगळी, त्यामुळे त्यांचे स्थान ‘सीनियर रँग्लरच्या वर’ असे वाचून दाखवले गेले. पदवी नाहीच. ती केंब्रिजने स्त्रियांना दिली १९४८पासून. फॉसेट त्याच वर्षी वारल्या. — संपा.