तुडवलं की वाढणारं झाड

कॅमोमाइल म्हटलं की झोप यावी म्हणून घेतात तो चहा आठवतो ना? त्या पाकिटात बहुतेक वेळा जर्मन कॅमोमाइल असतं, वर्षभरात संपणारं. मी आज सांगतेय ते त्याच्या भावकीतलं रोमन कॅमोमाइल. आपल्या शेवंतीच्याच कुळातलं, पण वर्षानुवर्षं जगणारं आणि जमिनीवर चटईसारखं पसरणारं. (रोम फक्त नावात. मूळचं ते पश्चिम युरोपातलं.) पान चुरगाळलं की सफरचंदाचा वास येतो. कॅमोमाइल या ग्रीक शब्दाचा अर्थच ‘जमिनीवरचं सफरचंद’.

सोळाव्या शतकात इंग्लंडमधले लोक बागेतल्या वाटांवर हे मुद्दाम लावायचे. पाय पडला की वास दरवळायचा, आणि दबलेल्या फांद्या मातीला टेकतील तिथे नवीन मुळं धरायच्या. शेक्सपिअरच्या ‘हेन्री चौथा’ नाटकाच्या पहिल्या भागात जाडा फॉल्स्टाफ राजाची नक्कल करत राजपुत्राला उपदेश झाडतो, तेव्हा दाखला देतो तो याच झाडाचा. म्हणजे ते तुडवल्यावर वाढतं, हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं.

पुढे १८३० मध्ये एडविन बडिंगने गवत कापायचं यंत्र काढलं आणि बागांमध्ये गवताची हिरवळ राखणं सोपं झालं. पण माझ्या मते खरा घाव बागेबाहेर बसला.

रानातलं कॅमोमाइल वाढायचं गावाच्या सामाईक कुरणात. आपल्याकडचं गायरान समजा. गरिबाची गाय, बदकं, घोडी तिथे चरायची, त्यामुळे गवत आखूड राहायचं आणि या बुटक्या झाडाला ऊन मिळायचं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात संसदेने कायद्यामागून कायदे करून ही कुरणं खासगी केली, कुंपणं घातली. त्यालाच एन्क्लोजर म्हणतात. गरिबाची गाय गेली हे आपण इतिहासात वाचतो, झाडाचं कोणी लिहीत नाही. जी कुरणं उरली, त्यातल्या अनेकांवर विसाव्या शतकात चराई थांबली. गवत उंच झालं, आणि त्या सावलीत कॅमोमाइल संपत गेलं. पायाखाली येणं बंद झालं म्हणून मेलं, बोला!

आज ते भरपूर दिसतं दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्टमध्ये. तिथल्या रहिवाशांनी चराईचा जुना हक्क सोडलेला नाही, त्यांची घोडी अजूनही मोकळी फिरतात. आणि हो, तिथल्या गावांतल्या क्रिकेटच्या मैदानांवरही ते आहे. फिल्डर धावला की सफरचंदाचा वास.