फुकटच्या संगणकाचे दात

१९९०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेतल्या कंपन्यांपुढे एक नवीच अडगळ उभी राहिली. दर तीन-चार वर्षांनी कचेरीतले सगळे संगणक बदलायची रीत पडली होती, आणि काढून टाकलेले बहुतेक संगणक चांगले चालत होते. त्याच काळात आफ्रिकेतल्या असंख्य सरकारी शाळांनी संगणक पाहिलेलाही नव्हता. इकडचे उचलून तिकडे पोचवावे, हा विचार कुणालाही सुचावा इतका सरळ होता आणि तो अनेकांना सुचलाही. १९९७ साली लंडनमध्ये टोनी रॉबर्ट्स यांनी ‘कॉम्प्युटर एड इंटरनॅशनल’ काढली. १९९९ साली मॅसॅच्युसेट्समधल्या हल या छोट्या गावातून ‘वर्ल्ड कॉम्प्युटर एक्स्चेंज’चे काम सुरू झाले. २००५ साली डब्लिनमध्ये ‘कामारा’ उभी राहिली. मूठभर पगारी माणसे, बरेचसे स्वयंसेवक आणि भाड्याचे गोदाम, एवढ्यावर सुरुवात झालेल्या या संस्था. त्यांचा गेल्या पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास चाळला की एक गोष्ट ठळकपणे दिसते: या कामात संगणक हीच सर्वांत स्वस्त वस्तू होती. दातृत्वाच्या भरात पेट्या पाठवत राहण्यापेक्षा ज्यांनी देखभाल हाच आपला खरा धंदा मानला, त्यांच्याच कामाला अर्थ राहिला.

गोदामात प्रत्यक्ष काय चाले ते पाहू. आलेल्या प्रत्येक यंत्राची हार्ड डिस्क आधी पुसावी लागे. फाइली ‘डिलीट’ करून भागत नसे, त्यावर पुन्हा पुन्हा नवी माहिती लिहून जुनी नाहीशी करावी लागे. एखाद्या बँकेच्या खातेदारांची यादी परक्या देशात सापडली, तर पुन्हा कोणतीही कंपनी त्या संस्थेला उभी करणार नव्हती. मग मेमरी तपासायची, पंखा साफ करायचा, तारीख-वेळ सांभाळणारा नाण्याएवढा सेल बदलायचा. आणि मागच्या बाजूचे ते लाल बटण! अमेरिकेतून निघालेल्या अनेक संगणकांच्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर ११५ आणि २३० असे दोन आकडे असलेले बटण असे. ते ११५वरच राहिले आणि यंत्र आफ्रिकेतल्या २३० व्होल्टच्या विजेला जोडले, की एक फट् आवाज, जळका वास आणि खेळ खलास. कंपनीची सदिच्छा, समुद्रप्रवास, जकातीची खटपट, सगळे त्या एका बटणापायी वाया. हे बटण पाहणारा माणूस गोदामात असावा लागतो, आणि शाळेपासून हाकेच्या अंतरावर दुसरा. या दुसऱ्या माणसाचा पगार कुणी द्यायचा, हाच या साऱ्या उद्योगातला खरा प्रश्न.

कॉम्प्युटर एडने त्याचे उत्तर लवकर शोधले, आणि ते ऐकून पुष्कळ देणगीदार नाराज झाले असतील. संस्था संगणक फुकट देत नसे. दर यंत्रामागे चाळीस पौंडांच्या आसपास शुल्क घेई आणि जहाजाचे भाडे वेगळे. शिवाय ती शाळेशी थेट व्यवहार करण्याऐवजी त्या त्या देशातल्या संस्थेमार्फत करी. अशी एक संस्था म्हणजे नैरोबीत २००२ साली सुरू झालेली ‘कॉम्प्युटर्स फॉर स्कूल्स केनिया’. तिथे शाळेला आधी तयारी दाखवावी लागे: वीज हवी, कुलूपबंद सुरक्षित खोली हवी, शिकवायला शिक्षक हवा. मग यंत्रे येत, आणि मागोमाग दुरुस्तीवालाही. या पद्धतीने कॉम्प्युटर एडने २०१०पर्यंत लाखाहून अधिक संगणक पाठवले. नामिबियात २००० साली सुरू झालेल्या ‘स्कूलनेट’ने तोच प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवला: बेरोजगार तरुणांना हाताशी धरून तंत्रज्ञ केले आणि लिनक्स वापरून परवान्यांचा खर्च टाळला. ‘फुकट’ मिळणारे सॉफ्टवेअर चालवणारी ऑपरेटिंग प्रणाली विकत घ्यावी लागत असेल, तर ते फुकट कसले, असा हिशेब त्यांनी मांडला होता.

यावर पहिला आक्षेप नैतिक आहे. ज्या शाळेत खडू-फळ्याची वानवा, तिच्याकडून पैसे घ्यायचे? आक्षेपाला वजन आहे, कारण शुल्क लावले की सर्वांत गरीब शाळा रांगेत मागे पडते, हे खरे. केनियातही आधी शहराजवळच्या, वीज असलेल्या शाळांचाच नंबर लागणार हे उघड होते. पण दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. ‘धर्माची गाय आणि दात का नाय’ अशी आपल्याकडे म्हण आहे. फुकटात मिळालेल्या वस्तूत खोट काढू नये, असा तिचा सूर. इथे मात्र दात मोजणाऱ्यांचेच भले झाले. पैसे मोजणारी शाळा बिघडलेले यंत्र परत पाठवू शकते, कीबोर्ड कमी आला तर भांडू शकते. दान घेणाऱ्याला हा हक्क नसतो. तो आभाराचे पत्र लिहितो आणि खोलीला कुलूप घालतो.

दात न मोजल्याचे परिणाम कुठवर जातात, हे २००५ साली लागोसमध्ये उघड झाले. ‘बासेल ॲक्शन नेटवर्क’ या अमेरिकी गटाच्या पाहणीनुसार त्या बंदरात महिन्याला सुमारे पाचशे कंटेनर जुनी विद्युत उपकरणे उतरत होती आणि त्यांतला मोठा भाग दुरुस्तीपलीकडचा भंगार होता. धोकादायक कचऱ्याच्या निर्यातीवर लगाम घालणारा बासेल करार १९८९चा. पण ‘वापरलेला माल’ किंवा ‘देणगी’ अशी चिठ्ठी लावली की तो चुकवता येई. हा दुसरा आक्षेप: या संस्था म्हणजे श्रीमंतांच्या कचऱ्याची सोज्वळ वाट. पण व्यापाऱ्यांच्या कंटेनरचे पाप, माल तपासून पाठवणाऱ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. यंत्राला दुसरे आयुष्य देण्याचा हिशेबही भक्कम आहे. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २००३च्या ग्रंथानुसार एक संगणक आणि त्याचा जुना काचेचा मॉनिटर तयार करायला किमान २४० किलो खनिज इंधन, २२ किलो रसायने आणि दीड टन पाणी लागे. तरीही आक्षेप पुरता खोडता येत नाही. चांगला संगणकही पाच वर्षांनी मरतोच, आणि तो मरतो ते त्यातले शिसे वेगळे करण्याची सोय नसलेल्या गावात. केनियातल्या संस्थेने हे ओळखून नैरोबीत ई-कचरा उकलणारे केंद्र उभारले. पाठवणाऱ्या सगळ्यांनीच त्याची तरतूद केली असती तर बरे झाले असते.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड. एवढे करून मुले शिकली का? जुने संगणक दुरुस्त करून शाळांना देणारी कोलंबियाची सरकारी योजना ९७ शाळांत पारखली गेली. २००९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की गुणांत जवळजवळ फरक पडला नाही. शिक्षकांनी यंत्रे भाषा शिकवायला न वापरता संगणक शिकवायलाच वापरली. पेरूत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ (प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप) या योजनेच्या परिणामाची ३१९ शाळांत केलेली पाहणी २०१२ साली आली, गणित आणि भाषेत काही हाती लागले नाही. याच बड्या योजनेला भारत सरकारने २००६ साली नकार दिला होता. तरी २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट गावातल्या चिमुकल्या शाळेत तिचा प्रयोग झाला, आणि तो देशभर पसरला नाही.

या पाहण्या मान्यच करायला हव्यात. संगणकाने गणिताचे गुण वाढतील, असे आश्वासन छोट्या संस्थांनी पत्रकांत छापू नये. मात्र फाइल जपणे, तक्ता मांडणे, पत्र टंकणे हे कचेरीत आणि कॉलेजात लागणारे हुन्नर यंत्राला हात लावल्याशिवाय येत नाहीत. कोलंबियातल्या शिक्षकांनी संगणकच शिकवला म्हणून नाक मुरडावे असे मला वाटत नाही. त्या गावांत तो दुसऱ्या कुणी शिकवला नसता. दावा एवढाच ठेवला तर काम प्रामाणिक राहते आणि मोजताही येते. २०१० साली झांबियातल्या माचा गावी कॉम्प्युटर एडने एका कंटेनरला सौर पट्ट्या लावून आत छोटी इंटरनेट खोली उभी केली, ती याच जातीच्या माफक हेतूने.

पुण्या-मुंबईतल्या कंपन्याही आता दर काही वर्षांनी लॅपटॉप काढून टाकतात, आणि ते मागायला संस्था येतात. आपल्या कंपनीने द्यायचे ठरवले, तर चार्जरसकट द्यावेत, डिस्क पुसल्याचा दाखला मागावा, आणि तिसऱ्या वर्षी यंत्र बंद पडल्यावर शाळेने कुणाला फोन करायचा त्या माणसाचे नाव संस्थेकडून लिहून घ्यावे. नाव सांगता आले नाही, तर लॅपटॉप दुसऱ्या संस्थेला द्यावेत.