शिळेवरचे कूळ

ज्यांच्याकडे दहनाची चाल आहे त्यांना वंशावळ शोधायची तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. परंतु आमच्या सोलापुरात लिंगायत, मुसलमान, ख्रिस्ती अशी दफन करणारी घराणी पुष्कळ. त्यांची वही जमिनीतच आहे. लिंगायत मृतास बसवून, हाती इष्टलिंग देऊन पुरतात. वर कट्टा आणि शिळा मात्र ज्याची ऐपत त्याची. बाकीच्यांवर नुसती माती. तेव्हा केवळ शिळा वाचून आम्ही कूळ मांडू गेलो, तर गरीब चुलते साफ गळून पडतात!

१८१८ साली सोलापूर इंग्रजांकडे गेले. त्या अमदानीत मुंबई इलाख्यातील गोऱ्यांच्या दफननोंदींच्या नकला विलायतेस जात; त्या आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. गोऱ्या शिपायाची शिळा झिजली तरी नाव उरते. नगरपालिकेच्या मृत्युनोंदींपूर्वी गेलेल्या आमच्या खापरपणजोबांची अशी दुसरी प्रत बहुधा नसते.

आणि जी शिळा आहे, तिच्यावरची अक्षरे पुष्कळदा कानडी किंवा उर्दू. नातू शिकला मराठी शाळेत. तो शिळेपुढे उभा राहतो, फूल वाहतो, आणि नाव वाचून घेण्यासाठी कोणा म्हाताऱ्याला हाक मारतो.