देवराई : संयमाची वहिवाट

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या एखाद्या जुन्या पायवाटेने चालत गेले असता, राब भाजून काळी पडलेली वरकस जमीन, गुरांच्या खुरांनी झिजलेले माळ आणि वारंवारच्या तोडीने खुरटलेली झुडपे यांच्यामध्ये, बहुधा ओढ्याच्या उगमाशी, अकस्मात अशी एक राई लागते की जिच्यात भर दुपारीही ऊन जमिनीपर्यंत पोहोचत नाही. जांभूळ, हिरडा, सातवीण, सुरमाड यांचे उंच वृक्ष, त्यांना विळखा घालून चढलेला गारंबीचा महावेल, आणि या साऱ्याच्या तळाशी शेंदूर फासलेला एक अनघड तांदळा, एवढाच तिचा संसार. ही देवराई, कोकणात हिलाच देवरहाटी म्हणतात. राबासाठी डहाळी, चुलीसाठी सर्पण, घरासाठी वासे आणि नांगरासाठी लाकूड ज्यांना रोज हवे होते, त्याच लोकांनी भोवतालचे अरण्य तोडून शेती केली आणि त्याच लोकांनी हा एक तुकडा पिढ्यान्‌पिढ्या अस्पर्श ठेवला. निसर्ग आणि मनुष्याचा अंतरात्मा यांच्या नात्याविषयी आपल्याकडे तत्त्वचिंतन पुष्कळ झाले. परंतु ते नाते प्रत्यक्ष वहिवाटीत कसे उतरले होते, हे पाहावयाचे असेल तर देवराईच्या इतिहासाकडेच वळावे लागते.

या वहिवाटीचा आरंभ कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही, कारण दफ्तरांहून ती फार जुनी आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या परिसरात पायी हिंडून ग्रामदेवतांच्या ठाण्यांचा अभ्यास केला आणि 1962 साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या ग्रंथात असे दाखवून दिले की, मातृदेवतांची कित्येक ठाणी आजच्या गावठाणापासून दूर, प्राचीन वाटा जेथे एकमेकींना मिळत असत तेथे आहेत. अर्थात नांगराने गाव वसवण्यापूर्वीच्या, गुरे राखीत आणि कंदमुळे गोळा करीत हिंडणाऱ्या समाजाची ती स्मृती आहे. वाघजाई, काळकाई, सोमजाई, शिरकाई, भैरव, म्हसोबा ही देवरायांतील दैवते पुराणांतील देवमंडळाला फारशी परिचित नाहीत. पुढे त्यांपैकी कोणाला पार्वतीचे, तर कोणाला शंकराचे नाव मिळाले; तथापि त्यांचा स्वभाव अरण्याचाच राहिला. अनेक रायांतील देवीला छप्पर सोसत नाही, तिला उघड्यावर, झाडांच्या सावलीतच राहावयाचे असते, ही समजूत आजही ऐकू येते. आणि या एका समजुतीने जेवढे अरण्य राखले तेवढे अनेक कायद्यांनाही राखता आले नाही.

देवराईचा कारभार कोणा एकट्याच्या मर्जीवर चालत नसे. पूजेचा अधिकार गुरवाकडे, मानपान मानकऱ्यांकडे आणि निर्णय सर्व गावकीच्या साक्षीने होत असे. नियम गावोगाव निराळे होते. कोठे वाळलेली काटकी उचलणेही निषिद्ध, तर कोठे पडलेले फळ वेचण्यास, औषधापुरती साल अथवा मुळी घेण्यास मोकळीक असे. वहाणा राईच्या बाहेर काढावयाच्या, आत मोठ्याने बोलावयाचे नाही, आणि कुऱ्हाड तर न्यावयाचीच नाही, हे नियम मात्र बहुतेक ठिकाणी सारखे. देवळाच्या तुळईसाठी किंवा गावावरील संकटप्रसंगी एखादे झाड घ्यावयाचे झाले, तर देवाला कौल लावावा लागे: पाषाणाला पाकळ्या वा तांदळाचे दाणे चिकटवून गाऱ्हाणे घालावयाचे आणि उजवी कळी पडली तरच हात लावावयाचा. डावा कौल मिळाल्यावर गावचा पाटीलसुद्धा मुकाट्याने परत फिरे. ज्या समाजात जमीन, पाणी आणि मनुष्य यांवर बलवंताचा अधिकार निमूटपणे मान्य होत असे, त्या समाजात बलवंतालाही परवानगी मागावी लागेल अशी एक जागा होती, ही गोष्ट लहान नव्हे.

या आचारामागे भीती होती, हे नाकारण्याचे कारण नाही. राईतले लाकूड घरात आले तर साथ येईल, गुरे दगावतील, देवीचा वाघ फिरेल, ही धास्ती खरी होती. स्त्रियांना कित्येक ठिकाणी प्रवेशाची बंदी होती, आणि पशुबळीचे रक्तही त्या पाषाणांसमोर सांडले आहे. देवराईचे गुणगान करताना हा भाग झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु नुसत्या भीतीने माणूस ज्या जागेपासून दूर पळतो, त्या जागेकडे तो नवस घेऊन, पहिले पीक घेऊन, आजारी मूल कडेवर घेऊन पुन्हा पुन्हा जात नाही. आजीच्या धाकात आणि मायेत जसा भेद करता येत नाही, तसाच देवीच्या कोपात आणि कृपेत तो गावकऱ्याला करता येत नसे. ज्या राईत वाघ राहतो त्याच राईतून ओढा वाहतो, आणि तो ओढा चैत्र-वैशाखातही आटत नाही, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. त्यामुळे श्रद्धा आणि अनुभव ही त्याच्या मनात दोन वेगवेगळी खाती कधी झालीच नाहीत.

मराठी राज्यकर्त्यांनाही या मनोवृत्तीची जाण होती. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या लाकडाविषयी जो जाबता आहे, त्यात सागवानादी वृक्ष परवानगीने तोडून आणावेत, परंतु आंबा-फणसाला हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी दीर्घकाळ जतन करून वाढवलेली असतात, अशा आशयाची ताकीद आहे; एखादे जीर्ण झाड घ्यावयाचेच असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन घ्यावे, असेही तेथे बजावले आहे. ही आज्ञा देवरायांविषयी नाही. परंतु झाड तोडण्यापूर्वी कोणाला तरी विचारले पाहिजे, ही जी देवराईची मूळ कल्पना, तीच येथे राजनीतीच्या भाषेत बोलते आहे.

एकोणिसाव्या शतकात विचारणारा आणि ज्याला विचारावयाचे तो, दोघेही बदलले. 1847 साली अलेक्झांडर गिब्सन यांची मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. 1853 साली मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली, 1863 पर्यंत ती बोरघाट चढून गेली, आणि सह्याद्रीचे लाकूड ही साम्राज्याची गरज ठरली. 1865 च्या आणि त्याहून कठोर अशा 1878 च्या जंगल कायद्याने राखीव रानांच्या हद्दी आखल्या गेल्या व रयतेच्या पिढीजाद वहिवाटी अंमलदारासमोर सिद्ध कराव्या लागू लागल्या. जी वहिवाट केवळ कौलावर आणि स्मरणावर उभी होती, तिची सनद गाव कोठून दाखवणार? काही राया देवस्थान इनामात टिकल्या, काही सरकारी म्हणून कागदावर चढल्या, काही राखीव रानात विरून गेल्या. महात्मा फुले यांनी 1883 साली लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याने डोंगर-दऱ्या गिळंकृत करून गोरगरिबांच्या शेळ्यामेंढ्यांनाही जागा ठेवली नाही, अशी जळजळीत तक्रार केली, ठाणे-कुलाब्यातील असंतोष इतका वाढला की सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला, आणि त्याचा अहवाल 1887 साली बाहेर आला. हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले प्रमुख डीट्रिख ब्रँडिस यांनी देशाच्या अनेक प्रांतांत देवराया असल्याची नोंद शतकाच्या अखेरीस केली खरी. परंतु तोवर त्या नोंदीतही ऱ्हासाचा सूर उमटू लागला होता.

स्वातंत्र्यानंतर हानीची गती मंदावली नाही. पानशेतसारख्या धरणांसाठी मावळच्या खोऱ्यांत रस्ते गेले, रस्त्यांमागून कोळशाचे ठेकेदार गेले, आणि विस्थापित होणाऱ्या गावांची झाडे मातीमोलाने विकली गेली. जेथून गावच उठले तेथे कौल कोण लावणार? याच सुमारास, 1970 नंतरच्या दशकात, पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी देवरायांची पद्धतशीर पाहणी केली. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी येथील राईवर तोडीचे संकट आले तेव्हा तेथील ग्रामस्थांनी त्यांच्याकडे मदत मागितली, आणि त्या मागणीत देवीबरोबरच ओढ्याच्या पाण्याचाही उल्लेख होता. पुढील काळातील पाहण्यांत महाराष्ट्रातील अडीच हजारांहून अधिक देवरायांची नोंद झाली आहे.

या राया म्हणजे गतकाळच्या अरण्याचे जिवंत दफ्तरच होय. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथे रानजायफळाची एक दुर्मीळ दलदल आहे. चिखलात श्वास घेता यावा म्हणून त्या वृक्षांची मुळे गुडघ्यासारखी वाकून पाण्यावर येतात. अशी दलदल महाराष्ट्रात अन्यत्र जवळजवळ नाहीशी झाली असता ती येथे टिकली याचे कारण तिचा मालक देव होता. 2021 साली तिला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. गोव्यात सत्तरी तालुक्यातील ‘निरंकाराची राय’ हीही याच जातीची दलदल असून तिचेही रक्षण निरंकार नामक देवानेच केले आहे. शास्त्राने या जागांचे मोल जाणले, ते लोकांनी त्या राखून ठेवल्यानंतर.

आज संकट श्रद्धेच्या अभावाचे नाही, श्रद्धेच्या रूपांतराचे आहे. मुंबई-पुण्यात कष्ट करून चार पैसे मिळवलेले गावकरी देवीचे ऋण फेडावे म्हणून वर्गणी जमवतात, जीर्णोद्धार निघतो, देवळासाठी झाड घेण्याची जी जुनी मुभा एका तुळईपुरती होती, तिच्याच आधाराने अख्खी राई विकून सिमेंटचे शिखर उभे राहते. उघड्यावर राहणारी देवी छपराखाली येते आणि तिच्याबरोबर तिचे अरण्य संपते. असे करणाऱ्यांची भक्ती खोटी नाही, म्हणूनच ही हानी अधिक वेदना देणारी आहे.

2006 च्या वनहक्क कायद्याने गावांना आपले सामूहिक वन राखण्याचा व सांभाळण्याचा हक्क दिला आहे, आणि जो अधिकार 1878 च्या कायद्याने गेला त्याचा काही अंश त्यामुळे परत आला, हे आनंदाने मान्य केले पाहिजे. मात्र कायदा हक्क देऊ शकतो. हक्क असूनही हात आवरण्याची बुद्धी देणे त्याच्या कक्षेबाहेरचे आहे. ती बुद्धी या डोंगरांतील निरक्षर माणसांनी स्वतःच्या गरजांच्या ऐन गर्दीत जोपासली होती. उद्या कौलावर विश्वास उरो वा न उरो, तोडण्यापूर्वी थांबून विचारण्याची वहिवाट गावाने, शहराने आणि सरकारने स्वीकारली पाहिजे. कारण आपल्या इच्छेला जेथे मर्यादा पडते अशी जागा स्वतःहून राखल्यावाचून मनुष्याला निसर्गही राखता येत नाही आणि आपले मनुष्यत्वही.