दूरदृश्य संवाद व विदासंदेशवहन : धाराशिव जिल्ह्यातील परिभाषा

दूरस्थ व्यक्तींचे चित्र व ध्वनी एकाच वेळी उभय दिशांनी प्रेषित करून साधलेल्या संभाषणास ‘दूरदृश्य संवाद’ म्हणतात. शासकीय मराठीत त्याच्या साधनास ‘दूरदृश्य प्रणाली’ ही संज्ञा रूढ आहे. बोलण्यात मात्र ‘व्हीसी’ हेच ऐकू येते.

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथील राजभाषा उर्दू असून १९१७ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या भाषांतर विभागाने आधुनिक शास्त्रांची परिभाषा उर्दूत घडविली. जिल्ह्यातील बहुसंख्य मराठी भाषकांना ती परकीच होती. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य व भाषा संचालनालय अस्तित्वात आले आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीस कारभारात स्थान मिळाले. संगणक आला तेव्हा शब्द मराठीत घडविणे क्रमप्राप्तच होते. डेटासाठी ‘विदा’, बँडविड्थसाठी ‘पट्टरुंदी’, मॉड्युलेशनसाठी ‘विरूपण’ हे शब्द योजले गेले. पैकी ‘विदा’ सुटसुटीत आहे. ‘पट्टरुंदी’ अर्थवाही असूनही ग्रंथांबाहेर फारशी पडली नाही.

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने (स्थापना १९७६) १९८० नंतरच्या दशकात ‘निकनेट’ ह्या उपग्रहाधारित जाळ्याने देशातील जिल्हा मुख्यालये जोडण्यास प्रारंभ केला. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सु. ३५,७८६ किमी. उंचीवर असल्याने संकेतास वर जाऊन खाली येण्यास सु. पाव सेकंद लागतो. प्रश्न व उत्तर मिळून हा विलंब अर्ध्या सेकंदावर जातो. त्यामुळे दोघे एकदम बोलू लागतात व पुन्हा एकदम थांबतात. प्रकाशीय तंतूंच्या मार्गाने हा विलंब पुष्कळच घटतो.

परिभाषेचा खरा कस न्यायालयात लागला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७३ नुसार साक्ष आरोपीच्या ‘उपस्थितीत’ घ्यावी लागे. मुंबईतील एका खटल्यात अमेरिकेतील साक्षीदाराची साक्ष पडद्यावरून घेता येईल काय, हा प्रश्न उपस्थित झाला. महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई ह्या प्रकरणात १ एप्रिल २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उपस्थिती म्हणजे प्रत्यक्ष शारीरिक सान्निध्यच असे नव्हे, असा निर्णय दिला. एका जुन्या शब्दाचा अर्थ यंत्राने रुंदावला. ज्या जिल्ह्याचे उच्च न्यायालयीन खंडपीठ औरंगाबादेस (आता छत्रपती संभाजीनगर) आहे, तेथील पक्षकारांच्या दृष्टीने हा केवळ शब्दांचा वाद नव्हता. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरी सुरक्षा संहितेने दृक्‌श्राव्य इलेक्ट्रॉनिक साधनांची व्याख्याच केली असून, कलम ५३० अन्वये चौकशी व खटल्याची कार्यवाही त्या साधनांनी चालविता येते.